वायरचे पॉलिशर की बॅटरीचे? नाशिकमधील दीड वर्षाच्या वापरानंतर

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या लहानशा शेडमध्ये गाड्यांच्या रंगाला पॉलिश करण्याचे काम मी आठ वर्षांपासून करतो. त्यांतली पहिली साडेसहा वर्षे केवळ वायरच्या यंत्रावर निघाली; गेल्या दीड वर्षापासून त्याच्या जोडीला बॅटरीवर चालणारे यंत्र आहे. गेल्या खंडेनवमीला दोन्ही यंत्रे एकाच पाटावर मांडून पूजा केली, तेव्हा वायरच्या यंत्राच्या मुठीवरचे रबर घासून गुळगुळीत झालेले होते, आणि दुसऱ्याची बॅटरी चार्जरवर असल्यामुळे ते पाटावर बॅटरीविनाच बसले होते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला हार घालून मिरवायच्या सहा गाड्या दारात उभ्या असताना चार्ज होऊ शकणारी बॅटरी पूजेसाठी अडकवून ठेवणे आम्हाला परवडणारे नव्हते.

‘आता वायरचे यंत्र कशाला घ्यायचे, सगळे बॅटरीवरच आले आहे ना?’ हा प्रश्न मला हल्ली वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत स्वतःची एकच गाडी सुटीच्या दिवशी निगुतीने चमकवू पाहणारे हौशी लोक असतात, तसेच नव्याने व्यवसायात उतरणारी मुलेही असतात. या दोघांना एकच उत्तर देता येत नाही. माझ्या स्वतःच्या दोन यंत्रांच्या कंपन्यांची नावे मी येथे घेणार नाही, कारण मला आलेल्या काही अडचणी यंत्राच्या होत्या की माझ्या वापराच्या, हे मी खात्रीने वेगळे करू शकत नाही. बाजारातल्या इतर यंत्रांचा उल्लेख मात्र त्यांच्या छापील माहितीपुरता करीन.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्यात गल्लत झाली तर पुढची सगळी तुलना व्यर्थ जाते. पॅड, म्हणजे यंत्राच्या तोंडावरची मऊ चकती, फिरवणारी वीज भिंतीतून आली की बॅटरीतून, याने रंगाला काहीही फरक पडत नाही. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. हे सगळे मिळून साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यांतला क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनांचा असतो, म्हणजे सर्वसाधारण केसाहूनही पातळ. पॉलिश करणे म्हणजे या थरातले काही मायक्रॉन खरवडून ओरखड्यांच्या कडा सपाट करणे होय. ही खरवड किती आणि कशी होईल, हे पॅडची गती, त्याचा पोत आणि त्यावरचे कंपाउंड, म्हणजे बारीक खरवडणारी पेस्ट, ठरवतात. म्हणून वायर की बॅटरी याच्या आधी रोटरी की डीए, हे ठरवावे लागते. रोटरी यंत्रात पॅड एकाच आसाभोवती जोराने फिरतो. ते झपाट्याने कापते, पण कडांवर पटकन तापते आणि अननुभवी हातात उन्हात दिसणारी चक्राकार जाळी मागे सोडते. डीए म्हणजे ड्युअल ॲक्शन यंत्रात पॅड स्वतःभोवती फिरतोच, शिवाय लहानशा वर्तुळात डोलतही राहतो. या वर्तुळाच्या व्यासाला थ्रो म्हणतात आणि तो ८, १२, १५ किंवा २१ मिलिमीटर असा असतो. पहिले यंत्र घेणाऱ्याने डीएच घ्यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. या लेखात पुढे जे लिहिले आहे, ते मुख्यतः १५ मिलिमीटर थ्रोच्या डीए यंत्रांना लागू होते.

ही तुलना आज करावीशी वाटते याचे कारण बॅटरीची यंत्रे खरोखरच सुधारली आहेत. कार्बन ब्रश नसलेल्या मोटरी आणि १८ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटऱ्या यांमुळे ती आता खेळणी राहिलेली नाहीत. इटलीच्या रुपेस कंपनीचे एलएचआर १५ मार्क ३ हे वायरचे यंत्र ५०० वॅटचे आहे, जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीचे एक्सएफई ७-१५ हे ७१० वॅटचे आहे, आणि या दोन्ही कंपन्यांनी त्याच १५ मिलिमीटर थ्रोची १८ व्होल्टवर चालणारी यंत्रे बाजारात आणली आहेत. मकिताचे डीपीओ ६०० हेही १८ व्होल्टचे आहे, परंतु त्याचा थ्रो ५.५ मिलिमीटरच आहे; ‘बॅटरीचे मोठे पॉलिशर’ एवढ्याच वर्णनावर ते मागवून नंतर हिरमुसलेली एक व्यक्ती मला ठाऊक आहे. यंत्र वाईट नव्हते, अपेक्षा वेगळी होती. (जर्मनीत अँगल ग्राइंडरलाच लोक ‘फ्लेक्स’ म्हणतात, जसे आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात.)

आता मूळ मुद्दा, आणि तो गणिताचा आहे. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास या बॅटरीत ९० वॅट-तास एवढी ऊर्जा असते. कंपाउंड लावून, मध्यम दाब देऊन काम करताना मोटर २५० ते ३०० वॅट ओढते असे धरले, तर ही ऊर्जा अठरा ते बावीस मिनिटांत संपते. माझा प्रत्यक्ष अनुभव या गणिताशी बरोबर जुळला: कंपाउंडच्या फेरीला वीस-बावीस मिनिटे, आणि मऊ पॅडवर हलक्या हाताने शेवटचे पॉलिश करताना तीस-बत्तीस मिनिटे. खोक्यावर याहून मोठा आकडा लिहिलेला असेल, तर तो बहुधा दाब न देता फिरवलेल्या यंत्राचा असतो. उरलेल्या चार्जचे दिवे पाहूनही फसगत होते; चारपैकी दोन दिवे लागलेले दिसत असताना कंपाउंडच्या जोरात ते पाच-सात मिनिटांत एकावर येतात.

एका लहान हॅचबॅकला एक कंपाउंडची आणि एक फिनिशिंगची अशा दोन फेऱ्या द्यायच्या म्हटल्या, तर यंत्र प्रत्यक्ष चालू असण्याचा वेळ आमच्याकडे चार तासांच्या आसपास भरतो. एका बॅटरीचे सरासरी पंचवीस मिनिटे धरली, तरी सुमारे दहा बॅटऱ्या लागतात. माझ्या चार्जरवर एक बॅटरी पूर्ण भरायला पन्नास मिनिटे लागतात. सकाळी दोन बॅटऱ्या भरलेल्या घेऊन सुरुवात केली, तर उरलेल्या आठ वेळच्या चार्जिंगला एकाच चार्जरवर चारशे मिनिटे, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास वेळ जातो. चार तासांचे काम या हिशेबाने सात तासांचे होते, आणि मधल्या वेळात माणूस चार्जरवरचा लाल दिवा पाहत बसतो. येथे बहुतेक लोक एक चूक करतात, आणि ती मीही केली: अडचण आली म्हणून मी तिसरी आणि मग चौथी बॅटरी विकत घेतली. जादा बॅटऱ्यांनी सकाळचा पहिला दीड तास सुखाचा जातो, पण दुपारपर्यंत आपण पुन्हा चार्जरच्या दारात उभे असतो. बॅटरी पंचवीस मिनिटांत संपत असेल आणि पन्नास मिनिटांत भरत असेल, तर सलग काम चालण्यासाठी दोन चार्जर हवेत, एवढे साधे त्रैराशिक मला सहा महिन्यांनी सुचले. म्हणून संच निवडताना त्यात बॅटऱ्या किती आहेत यापेक्षा चार्जर कोणता आहे, हे आधी पाहावे. सोबत मिळणारा हळू चार्जर तीच बॅटरी भरायला दीड तास घेत असेल, तर चार चार्जर लागतील.

अधिक क्षमतेच्या, ८ अँपिअर-तासांसारख्या बॅटऱ्या घेण्याचा मोह होतो. त्यांनी काम लांबते हे खरे, परंतु वजनही वाढते, आणि दाराच्या खालच्या भागाला पॉलिश करताना तो भार मनगटावरच येतो. ५ अँपिअर-तासांची बॅटरीच साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास असते. मी तेवढ्यावरच थांबलो.

या गणितात नाशिकचा उन्हाळा धरलेला नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आमच्या पत्र्याच्या शेडखाली त्याहून अधिक उकडते. कंपाउंडच्या फेरीनंतर यंत्रातून काढलेली बॅटरी हाताला चांगलीच गरम लागते, आणि आजचे बहुतेक चार्जर ती थंड होईपर्यंत चार्जिंग सुरूच करत नाहीत. दिवा लुकलुकत राहतो. ही सुरक्षेची सोय आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही, पण पन्नास मिनिटांचे चार्जिंग मे महिन्यात सव्वा तासावर जाते हे लक्षात ठेवले पाहिजे. आम्ही बॅटऱ्या टेबल फॅनसमोर ठेवतो. काही मुले त्या फ्रिजमध्ये ठेवतात असे ऐकले. तसे करू नये, कारण बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरते आणि टोकांवर ओल येते. वायरच्या यंत्रालाही उष्णता बाधते, डोलणाऱ्या भागाजवळचे डोके आणि बॅकिंग प्लेट, म्हणजे पॅड जिच्यावर बसतो ती तबकडी, तापतात, परंतु पॅड बदलून दहा मिनिटे यंत्र बाजूला ठेवले की काम पुढे सुरू होते. उन्हाळ्यात आम्ही कापणीचे, म्हणजे कंपाउंडने खरवडण्याचे, काम सकाळी सातला सुरू करून अकराच्या आत उरकतो. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड वाळून पावडर उडते, त्यामुळे हा नियम दोन्ही यंत्रांसाठी सारखाच आहे.

नाशिकच्या पाण्याचाही यात वाटा आहे. बोअरवेलच्या जड पाण्याने धुतलेल्या आणि उन्हातच वाळू दिलेल्या गाड्यांवर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात, आणि काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर ते काढण्यासाठी एकाच जागी यंत्र बराच वेळ, वरच्या गतीवर चालवावे लागते. अशा गाडीवर बॅटरी सर्वांत लवकर उतरते. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यांच्या आवारात रोज आठ-दहा तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे बारीक कण रुतलेले असतात. ते आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा द्रव) आणि क्ले बारने (रुतलेले कण ओढून घेणारी मऊ वडी) आधी काढले नाहीत, तर कोणतेही यंत्र त्या कणांना पॅडखाली घेऊन नवे ओरखडेच काढते. आणि सध्या तर २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी ठिकठिकाणी चाललेल्या रस्त्यांच्या कामांमुळे धुळीचा हंगामच सुरू आहे.

आता वायरची बाजू. वायर पायात येते, ही तिच्यावरची नेहमीची तक्रार खरी असली तरी किरकोळ आहे. तिचे खरे दुखणे दुसरे आहे. बोनेटच्या पलीकडच्या टोकाला हात पोहोचवताना वायर नकळत अलीकडच्या, नुकत्याच पॉलिश केलेल्या भागावरून घासत जाते. तिच्यावर जमिनीवरची धूळ आणि कंपाउंडची भुकटी चिकटलेली असते, आणि आपण तासभर खपून काढलेल्या जाळीच्या जागी ती एक नवी रेघ ओढून ठेवते. मऊ रंगाच्या गाडीवर अशी रेघ लगेच दिसते. यावरचा उपाय म्हणून वायर खांद्यावरून मागे घ्यायची सवय लावून घ्यावी लागते. आमच्याकडे शेडच्या मधल्या लोखंडी पाइपवर एक कडी बसवून वायर वरून खाली सोडलेली आहे; हा बदल केल्यापासून त्या रेघा जवळपास बंद झाल्या. दुसरा त्रास म्हणजे वायर चाकाच्या आणि फरशीच्या फटीत अडकते, आणि हात पुढे गेला की यंत्राला हिसका बसतो. आमच्या मदतनिसाने यासाठी चारही चाकांसमोर जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून पाहिले. दिसायला ते विचित्र दिसते, पण वायर अडकत नाही.

वायरच्या यंत्रांत वायरची लांबीही पाहावी. नावाजलेल्या यंत्रांना आठ-नऊ मीटरपर्यंत वायर असते, स्वस्त यंत्रांना दोन-अडीच मीटरच असते, आणि मग एक्स्टेन्शनचा जोड नेमका बंपरच्या उंचीवर लोंबत राहतो. ५०० वॅटचे डीए यंत्र २३० व्होल्टवर सव्वादोन अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह घेते, त्यामुळे घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ते निश्चिंत चालते. मकिताच्या ९२३७ सीबीसारखे १,२०० वॅटचे रोटरी पाच अँपिअरच्या पुढे जाते आणि तेथे बारीक तारेचे, सैल पिनेचे एक्स्टेन्शन तापू लागते. गुंडाळीवरचे एक्स्टेन्शन वापरायचे असेल तर वायर पूर्ण सोडून वापरावे, कारण गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडायला जागा मिळत नाही. जिथे गाडी धुतली तिथेच ओल्या फरशीवर वायर टाकून काम करणाऱ्यांना मी हात जोडतो. त्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, तरी असावा. या एका बाबतीत बॅटरीचे यंत्र निर्विवादपणे सुरक्षित आहे.

बॅटरीच्या यंत्राने स्वतःची किंमत कोठे वसूल केली, हे सांगायचे तर गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या सोसायट्यांचे पार्किंग असे सांगावे लागेल. घरी येऊन काम करा, अशी मागणी गेल्या काही वर्षांत वाढली आहे. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीच्या जागेवर सॉकेट नसते. असलेच तर ते पाण्याच्या पंपाच्या खोलीत, चार खांब सोडून असते, आणि त्याची किल्ली वॉचमनकडे व परवानगी सेक्रेटरींकडे असते. ‘सोसायटीची कॉमन लाइट वापरता, त्याचे बिल कोण भरणार?’ हा प्रश्न मला निदान पाच वेळा विचारला गेला आहे, आणि प्रत्येक वेळी मी निम्म्या युनिटचे गणित समजावून सांगत बसलो आहे. बॅटरीचे यंत्र घेतल्यापासून हा संवाद संपला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेत वायर नाही, कोणाच्या मुलाचा पाय अडकण्याची भीती नाही, शनिवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असली तरी काम थांबत नाही. एका सकाळी काळ्या सेडानचे केवळ फिनिशिंग करायचे होते; तीन बॅटऱ्यांत ते पूर्ण झाले आणि चार्जर पिशवीतून बाहेरही काढावा लागला नाही. अशा हलक्या, एका फेरीच्या कामाला हे यंत्र जणू घडवलेलेच आहे.

परंतु त्याच भरवशावर देवळाली कॅम्पला गेलो तेव्हा मी तोंडघशी पडलो. बंगल्याच्या अंगणात एक जुनी, पांढरट पडलेली लाल गाडी होती. मालक आजोबांनी तिची वर्णने फोनवर ज्या प्रेमाने केली होती, त्यावरून मी एका फेरीचे काम समजून चार बॅटऱ्या घेऊन निघालो. प्रत्यक्षात त्या रंगाने कंपाउंडच्या तीन-तीन फेऱ्या मागितल्या. चौथी बॅटरी बोनेटच्या बरोबर मध्यावर संपली; डावी बाजू आरशासारखी आणि उजवी बाजू खडूसारखी. चार्जर आजीबाईंच्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या सॉकेटला लावला, आणि पुढचा एक तास मी पोहे खात त्या अर्ध्या बोनेटकडे पाहत बसलो. आजोबांना मात्र ते अर्धे-अर्धे दृश्य इतके आवडले की त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. तेव्हापासून गाडी स्वतः पाहिल्याशिवाय मी केवळ बॅटरीवर बाहेर जात नाही, आणि वायरचे यंत्र गाडीच्या डिकीत असतेच.

हातात धरण्याच्या सोयीबद्दल थोडक्यात सांगतो. बॅटरीसह आणि वायरसह अशा दोन्ही मोठ्या यंत्रांचे वजन अडीच-तीन किलोच्या घरात असते, फरक आहे तो तोलाचा. बॅटरी मागच्या टोकाला असल्यामुळे आडव्या पृष्ठभागावर यंत्र मागे कलू पाहते. उभ्या दारावर तेच वजन मनगटाला खाली ओढते. आठवडाभरात हाताला सवय होते. टपावर मात्र बॅटरीवाले सरस ठरते. स्कॉर्पिओसारख्या उंच गाडीच्या टपाच्या मध्यापर्यंत पोहोचण्यासाठी स्टुलावर उभे राहून, एका हाताने यंत्र आणि दुसऱ्याने वायर सांभाळणे ही कसरत आहे, आणि ती कसरत आमच्या गावात वारंवार करावी लागते, कारण महिंद्राचा कारखाना येथेच आहे आणि या गाड्यांची येथे वाण नाही. कोणतेही मोकळे फिरणारे डीए घेतले तरी बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवावी. दाब जास्त झाला की पॅड फिरायचा थांबतो आणि नुसता थरथरत राहतो, ते त्या रेघेवरून ताबडतोब कळते. बॅटरीच्या यंत्रावर हे आणखी महत्त्वाचे, कारण थांबलेल्या पॅडला रेटण्यात बॅटरी उगाच खर्ची पडते.

लहान यंत्रांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो, आणि येथे माझे मत ठाम आहे. बंपरच्या खोबणी, खिडक्यांमधले खांब, दाराच्या मुठीखालची वाटी, आरशांची पाठ, हेडलाइट या जागांसाठी दोन-तीन इंची पॅडचे यंत्र लागते. ते एका जागी दोन-तीन मिनिटेच चालते, मग आपण उठून दुसऱ्या कोपऱ्यात जातो. सलग ऊर्जेची गरज जवळपास नाही आणि हालचाल मात्र सतत, असे हे काम असल्यामुळे येथे वायर निव्वळ ओझे होते. फ्लेक्सचे पीएक्सई ८० हे लहान बॅटरीवर चालणारे यंत्र रोटरी म्हणूनही वापरता येते आणि ३ व १२ मिलिमीटर थ्रोचे डीए म्हणूनही. रुपेसचे नॅनो त्याच जातीचे आहे. या वर्गात आता स्वस्त पर्यायही आले आहेत. ज्याच्याकडे वायरचे मोठे यंत्र आहे आणि ज्याला बॅटरीची चव घेऊन पाहायची आहे, त्याने बॅटरीचे मोठे यंत्र न घेता हे लहान यंत्र आधी घ्यावे. मी क्रम उलटा केला आणि त्याची किंमत मोजली.

दुरुस्तीचा विषय नाशिकमध्ये राहणाऱ्याने विशेष लक्षात घ्यावा. माझ्या वायरच्या यंत्राचे कार्बन ब्रश आजवर चार वेळा बदलले. स्क्रू काढून जुने काढायचे, नवे बसवायचे, पंधरा मिनिटांत यंत्र चालू. एकदा आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरणारा भाग, जळाले, तेव्हा अंबडमधल्या एका वाइंडिंग करणाऱ्या कारागिराने दोन दिवसांत ते नव्याने भरून दिले, आणि ते यंत्र आजही चालते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे मोटर दुरुस्त करणारे हात या शहरात भरपूर आहेत. बॅटरीच्या यंत्रात ब्रशच नसतात, त्यामुळे तो खर्च वाचतो, परंतु त्यातला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड बिघडला की या हातांचा उपयोग होत नाही. माझ्या यंत्राचा बोर्ड तेरा महिन्यांनी, म्हणजे वॉरंटी संपून एक महिना झाल्यावर गेला. सेवा केंद्राने तो पुण्याहून मागवला आणि यंत्र तेवीस दिवसांनी हातात आले. तेवीस दिवस वायरच्या यंत्राने शेड चालवली.

बॅटऱ्या झिजतात, हा दुसरा खर्च. दीड वर्षाच्या रोजच्या वापरानंतर पहिल्या दोन बॅटऱ्या कंपाउंडच्या फेरीत बावीस मिनिटांऐवजी सोळा-सतरा मिनिटेच टिकतात. त्या पूर्ण रिकाम्या करून ठेवू नयेत, आणि फार दिवस वापरायच्या नसतील तर अर्ध्याच्या आसपास भरून सावलीच्या जागी ठेवाव्यात. आम्ही पहिल्या उन्हाळ्यात त्या रात्रभर भरून बंद गाडीत ठेवत होतो आणि त्याचे फळ आता दिसते आहे. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसत नाही, म्हणून ज्यांच्या घरी किंवा कारखान्यात आधीच एखाद्या कंपनीचे १८ व्होल्टचे ड्रिल वा ग्राइंडर आहे, त्यांनी त्याच कंपनीचे नुसते यंत्र घेतले तर बरीच बचत होते. काही खोक्यांवर २० व्होल्ट लिहिलेले असते, ते पाहून जास्त ताकद समजू नये. पाच सेल एकापुढे एक जोडलेल्या त्याच बॅटरीचा पूर्ण भरलेल्या अवस्थेतला हा आकडा असतो, काम करताना ती १८ व्होल्टचीच असते. ‘सर्व यंत्रांना चालेल’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या स्वस्त बॅटऱ्यांपैकी एक मी वापरून पाहिली. नऊ मिनिटांत ती एवढी तापली की मी ती शेडच्या बाहेर, मातीवर नेऊन ठेवली. निकामी झालेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. ती चिरडली गेल्यास पेट घेऊ शकते. विक्रेत्याला किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला ती परत द्यावी.

पैशांचा हिशेब माझ्यापुरता असा झाला: दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर असलेला संच मला त्याच ताकदीच्या वायरच्या यंत्राच्या सुमारे दीडपट किमतीला पडला, आणि नंतर घेतलेल्या दोन बॅटऱ्यांनी तो दुपटीच्या जवळ गेला. ज्यांची एकच गाडी आहे, जी वर्षातून एक-दोनदा पॉलिश होते, आणि जिच्या जागेजवळ सॉकेट आहे, त्यांनी हा खर्च करण्याचे मला कारण दिसत नाही. बॅटरी वर्षभर कपाटात पडून राहील आणि काढाल तेव्हा निम्मी मेलेली असेल. वायरचे १५ मिलिमीटर थ्रोचे डीए, तीन-चार चांगले पॅड आणि वर टांगलेली वायर यांवर ते दहा वर्षे काढतील. सॉकेट नसलेल्या पार्किंगमध्ये राहणाऱ्याने, घरी बॅटरीचे एखादे अवजार आधीच असेल तर, बॅटरीच्या यंत्राचा विचार जरूर करावा, पण काम दोन सकाळींत विभागून करण्याची मनाची तयारी ठेवावी. व्यवसाय करणाऱ्याला मात्र वायरचे यंत्र चुकणार नाही. कापणी वायरवर, फिनिशिंग आणि बाहेरची कामे बॅटरीवर, अशी आमच्याकडे आता आपोआप वाटणी पडली आहे, आणि मदतनीसही कोणते यंत्र उचलू असे विचारत नाही.

या दसऱ्यापूर्वी मी आणखी एक मोठे यंत्र घेणार आहे आणि ते वायरचे असेल. बॅटरीवाल्यासाठी दुसरा चार्जर मागवला आहे. तो आला की दोन्ही चार्जर भिंतीवर, पंख्याच्या झोतात बसवायचे ठरले आहे. जुन्या वायरवाल्याच्या मुठीचे रबर मात्र मी बदललेले नाही. नवे रबर मिळते, मदतनिसाने दोनदा आणूनही ठेवले, पण त्या गुळगुळीत जागी माझा हात न पाहता बसतो.